वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाचा गोठा कुणासाठी?

गेल्या अंकात जाता जाता मी लिहिलं होतं, की माझ्या नोकरीची सव्वीस वर्षं एका पशुवैद्यक महाविद्यालयाच्या पशुधन प्रक्षेत्रावर गेली आणि त्यातली चौदा वर्षं प्रक्षेत्राच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. त्यावर पत्रांचा ढीग आला. एरवी कासदाह, माज, वासरांची हगवण असे प्रश्न असतात. या वेळी बहुतेकांनी गोठ्याबद्दलच विचारलंय, म्हणून हा अंक त्यालाच दिलाय. महाविद्यालयाचं नाव घेत नाही. तिथल्या काही चुकाही सांगायच्या आहेत आणि आज तिथं राबणारी माणसं वेगळी आहेत.

माझी मुलगी पशुवैद्यक पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. पहाटे साडेचारला उठून तिला गोठ्यावर जावं लागतं. शेण भरायला लावतात, धारा काढायला लावतात. आम्ही घरची दोन जनावरं विकून तिला शिकायला पाठवलं ते डॉक्टर व्हावी म्हणून. मजूर असताना मुलींना हे काम कशाला? (एक पालक, जि. लातूर)

दादा, जनावरं विकल्याचं तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. दावणीची गाय विकताना घरात कशी शांतता पसरते ते मला ठाऊक आहे. तुमचा राग मी समजू शकते. पण मुलीला हे काम करू द्या.

पदवी साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं एक वर्ष आंतरवासितेचं. बाहेर पडल्यावर तिच्यापुढं जी गाय उभी राहील ती बोलणार नाही आणि मालक अर्धंच सांगेल. उरलेलं हातानं आणि नजरेनं ओळखायचं असतं. हात आणि नजर वर्गात तयार होत नाहीत.

एक प्रसंग सांगते. शहरातून आलेली एक मुलगी पहिल्या दिवशी सडाला हात लावायला धजेना. तिसऱ्या दिवशी धजली, पण अंगठा मुडपून सड ओढायला लागली. बरेच घरचे गवळीही असंच करतात. आमच्याकडे नाना होते. गोठ्यावर मजूर म्हणून लागलेले, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी तिचा हात धरला, अंगठा सोडवला आणि म्हणाले, "पोरी, मूठ मिटायची. वरचं बोट आधी, मग खालचं. ओढायचं नाय, दाबायचं." मग तिला आधी कास कोमट पाण्यानं धुवायला लावली, पुसायला लावली आणि पहिल्या चार धारा काळ्या फडक्यावर घ्यायला लावल्या. फडक्यावर कण दिसले. पांढरे, रव्याएवढे. दूध बादलीत गेलं असतं तर ते कुणाला दिसले नसते. कासदाहाची सुरुवात होती, उजव्या बाजूच्या मागच्या सडात. त्या मुलीनं ते चार वर्षांनी शिकवायच्या धड्यात वाचलं असतं. तिनं ते पहिल्या आठवड्यात स्वतःच्या हातानं पकडलं. पान्हा सुटल्यापासून सात-आठ मिनिटांत धार का संपवायची, हे तिला परत कधी सांगावं लागलं नाही.

शेणाचंही तसंच. शेण पातळ आहे का, त्यात न पचलेले दाणे आहेत का, त्यावर बुळबुळीत आवरण आहे का, हे रोज पाटी उचलणाऱ्याला दिसतं. मुलगी पाटी उचलेल तेव्हा तिला सांगा, नुसती उचलू नको, बघ.

आणखी एक सांगते. १९२७ साली महात्मा गांधी प्रकृतीला आराम म्हणून बंगळुरूला होते. तेव्हा तिथल्या सरकारी दुग्ध संस्थेत ते गाईंची निगा शिकायला जात असत. तीच संस्था पुढं कर्नालला गेली आणि आज राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. पन्नाशी उलटलेला, देशभर मान असलेला माणूस गोठ्यात शिकायला उभा राहिला. तुमची लेक अठराची आहे.

एका बाबतीत मात्र तुमचं म्हणणं रास्त आहे. गोठ्यावर मुलींसाठी कपडे बदलायला खोली, गमबूट, हातमोजे आणि स्वच्छतागृह असलंच पाहिजे. नसेल तर पालक म्हणून अधिष्ठात्यांना लेखी पत्र द्या. आमच्याकडे ती खोली पालकांच्या पत्रांमुळेच झाली. मी तीन वर्षं मागत होते, ती मिळाली नव्हती.

मी वीस गाई सांभाळतो. होल्स्टीन संकरित, सरासरी १८ लिटर. शिवारफेरीत विद्यापीठाचा गोठा पाहिला. एवढी जमीन, एवढे साहेब, आणि तिथल्या गाईंचं दूध माझ्या निम्म्यानं! मग संशोधन कसलं करतात? (एक दूध उत्पादक, जि. अहिल्यानगर)

तुमच्या १८ लिटरांचा मला आदर आहे, त्यामागचे कष्टही मला माहीत आहेत. पण दोन गोठ्यांची कामं निराळी आहेत.

तुम्ही दूध न देणारी गाय ठेवत नाही, ठेवू शकतही नाही. विद्यापीठाला ठेवावी लागते. शिकवायला भाकड लागते, गाभण लागते, म्हातारी लागते, वाकड्या खुरांची लागते. सगळ्याच गाई तरण्याताठ्या आणि दुधाळ असल्या तर मुलं शिकणार कशावर? शिवाय कितीतरी प्रक्षेत्रांवर देशी जात जपण्याची जबाबदारी असते. देवणी, लाल कंधारी, डांगी, खिल्लार, गवळाऊ यांचे शुद्ध कळप टिकवायचे असतात. खिल्लार दुधाची गाय नव्हे, तिची कीर्ती बैलाच्या चालीची. तिला होल्स्टीनच्या मापानं मोजलं तर तिच्यावर अन्याय होतो.

तिसरं कारण पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा, मुरघासात (खड्ड्यात दाबून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यात) एखादा नवा चारा मिसळल्यानं दूध वाढतं का, हे पाहायचंय. बारा गाई घ्यायच्या, वजन, वेत आणि व्यायल्यापासूनचे दिवस जुळवून त्यांचे दोन गट करायचे. एका गटाला नवा चारा, दुसऱ्याला नेहमीचा. नेहमीचा म्हणजे नेहमीचाच. कितीही मोह झाला तरी त्यात मूठभर पेंड जास्त घालायची नाही. रोज सकाळी गव्हाणीत टाकलेला चारा मोजायचा आणि दुसऱ्या दिवशी उरलेला, गाईनं तुडवलेला, लाळ लागलेला चाराही गोळा करून मोजायचा. मी तराजूपाशी उकिडवं बसून तो उष्टा चारा अशा कित्येक सकाळी तोलला आहे. दोन आठवडे गाईला नव्या चाऱ्याची सवय होऊ द्यायची आणि खऱ्या नोंदी त्यानंतर. तुम्ही ज्या दिवशी गोठा पाहिलात त्या दिवशी डाव्या रांगेतल्या सहा गाई कदाचित हा नेहमीचा चारा खाणाऱ्या असतील. त्यांचं दूध कमी असणं हे त्या प्रयोगाचं कामच आहे.

आता वळूचं बघा. वळू चांगला की नाही हे त्याच्या मुलींच्या दुधावरून ठरतं. वळू दोन वर्षांचा झाला की त्याचं वीर्य घ्यायचं. त्या रेतनातून वासरू जन्मायला नऊ महिने. ती कालवड पहिल्यांदा व्यायला तीनेक वर्षं. मग ३०५ दिवसांचं तिचं पहिलं वेत पूर्ण मोजायचं. झाली साडेसहा-सात वर्षं! तीही दोन-चार मुलींवर भागत नाही, पुष्कळ लागतात, आणि एका गोठ्यात तेवढ्या मावत नाहीत. म्हणून शेतकऱ्यांच्या गाईंच्याही नोंदी जोडून घ्याव्या लागतात. इतकी वर्षं हिशेब धरून बसणं एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही. ते कुणीतरी सार्वजनिक पैशातून करायला हवं आणि ते विद्यापीठाचं काम आहे.

तुमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण देते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी. निम्मं रक्त होल्स्टीन फ्रिजियनचं, पाव जर्सीचं, पाव गीरचं. हे एका रेतनात झालेलं नाही. पिढ्यांमागून पिढ्या जोडत, कोणत्या मुलीनं कोणत्या वेताला किती दूध दिलं, फॅट किती लागली, उन्हाळ्यात ती किती घसरली हे लिहीत लिहीत ती तयार झाली. तिकडं कोकणात दापोलीच्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रांवर कोकण कन्याळ शेळीचं काम झालं, तेही असंच. ही शेळी सिंधुदुर्गात पूर्वीपासून होतीच. ती एक स्वतंत्र जात आहे हे मापं घेऊन, वजनं करून, जुळी-तिळी मोजून सिद्ध करायला माणसं वर्षानुवर्षं लागली.

हे झालं काम निराळं असण्याबद्दल. आता तुमची बाजू. सगळंच दूध या कारणांनी कमी असतं असं मी म्हणणार नाही. काही प्रक्षेत्रांवर दोन वेतांतलं अंतर लांबलेलं असतं, कारण माज ओळखणारा अनुभवी माणूस निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवायची असते. ती संध्याकाळ हुकली की एकवीस दिवस गेले. तीनदा हुकली की दोन महिने गेले आणि त्या दोन महिन्यांचा चारा फुकट. पुढच्या शिवारफेरीत तुम्ही दुधाबद्दल विचारूच नका. विचारा, "तुमच्या गाईंच्या दोन वेतांत सरासरी किती महिने जातात?" तेरा-चौदा म्हणाले तर गोठा जागा आहे. उत्तरच आलं नाही तर तुमचा राग खरा.

मी बारावीत आहे. पशुवैद्यक व्हायचंय, पण गोठ्यावर गाईच्या पोटाला भोक पाडून खिडकी बसवतात असं ऐकलं. हे खरं आहे का? तिला दुखत नाही का? (विद्यार्थिनी, सातारा)

खरं आहे, बाळा. तुला हा प्रश्न पडला याचं मला बरं वाटलं.

गाईच्या डाव्या कुशीला मोठं पोट असतं, त्यात चारा आंबतो. तिथं भूल देऊन शस्त्रक्रियेनं वाट करतात आणि रबराचं घट्ट बूच बसवतात. जखम भरली की गाय नेहमीसारखी खाते, रवंथ करते, नीट जपली तर वर्षानुवर्षं जगते. आमच्याकडे अशी एक गाय होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. बूच काढून कोपरापर्यंत हात आत घालावा लागे. आतली ऊब अंगाला जाणवते, आंबूस वास येतो आणि दर मिनिटाला एक-दोनदा ते पोट तुझ्या हाताभोवती लाटेसारखं आवळतं. त्यातला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली धरला की इतके जीव वळवळताना दिसतात की पोरं नळीवरून डोळा काढत नाहीत. चारा गाय पचवत नाही, हे जीव पचवतात, हे तिथं कळतं.

त्या गाईनं दुसऱ्या जनावरांना जगवलंही. एकदा एका शेतकऱ्याच्या बैलानं धान्याच्या पोत्यात तोंड घातलं होतं. तो उपचारांनी वाचला, पण त्याचं पोट सुरू होईना, रवंथ नाही, चारा नाही. आम्ही या गाईच्या पोटातला चार-पाच लिटर द्रव मलमलच्या फडक्यातून गाळला आणि गरम असतानाच नळीनं त्याला पाजला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं कडब्याचं पान ओढलं.

मनात आलं म्हणून कुणालाही हे करता येत नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे आणि त्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे. प्रत्येक संस्थेत नीतिविषयक समिती असते. किती जनावरं, का, त्रास कमी कसा करणार, हे तिला आधी लेखी पटवावं लागतं. मी त्या समितीत बसले आहे. सहा जनावरांत भागत असताना दहा मागणारे प्रस्ताव आम्ही परत पाठवले आहेत. तू आलीस की तूही हा प्रश्न असाच विचार, मोठ्यानं विचार.

मी सहायक प्राध्यापक आहे. गेल्या महिन्यात माझ्याकडे पशुधन प्रक्षेत्राचा अतिरिक्त कार्यभार आला. ५० मोठी जनावरं, सोळापैकी सात मजूर, बाकी पदं रिकामी. सोबत तास आणि माझी पीएच.डी.ही आहे. सुरुवात कुठून करू? (नाव न छापण्याची विनंती)

तुमचं पत्र आलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी लगेच उत्तर लिहायला बसले. अशीच एक ऑर्डर मलाही मिळाली होती, असंच एक पान.

पहिले सात दिवस कार्यालयात बसू नका. पहाटेच्या धारेला जा आणि रात्री नऊला एक फेरी मारा. प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचे बाराही आकडे स्वतः वाचा आणि नोंदवहीशी ताडून पाहा. वहीत असलेली एक-दोन जनावरं गोठ्यात सापडणार नाहीत, गोठ्यातली एक-दोन वहीत नसतील. हा घोळ तुमच्या सहीखाली येण्याआधी लेखी कळवा.

मग चारा. कागद घ्या. ५० जनावरं, रोज ६ किलो कोरडा चारा, ३६५ दिवस. झाले १०९ टनांच्या वर. सांडलवंड धरून ११५ धरा. रब्बी ज्वारीचा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, तेव्हाच स्वस्त आणि तेव्हाच कोरडा. पण सरकारी निविदा निघायला उशीर होतो, मंजुरी मेमध्ये येते आणि गाड्या मृगाच्या पावसात दारात उभ्या राहतात. माझ्या दुसऱ्या वर्षी असंच झालं. भिजलेला कडबा गंजीत गेला, आतून काळा पडला, बुरशी धरली. पेंढी उघडली की धुरासारखी पूड उडायची. तीन म्हशींनी खाणं सोडलं, एकीनं गाभ टाकला. मी तेव्हा नवीन होते आणि ठेकेदाराला "परत घेऊन जा" म्हणायची माझी छाती झाली नाही. तुम्ही म्हणा. आणि निविदेची फाईल नोव्हेंबरात हलवा, दिवाळी झाल्याबरोबर. तिच्यात 'ओलसर माल नाकारण्यात येईल' हे वाक्य घालायला लावा.

हिरव्या चाऱ्याचं गणित रोजचं आहे. जनावराला २० किलो धरले तर दररोज एक टन कापून, कुट्टी करून गव्हाणीत पडला पाहिजे. रविवारीही, पोळ्यालाही, मोटार जळाली त्या दिवशीही. म्हणून पावसाळ्यातला मका मुरघासात दाबून ठेवा. कणसातला दाणा दुधाळ आणि पिठाळ यांच्या मधे असताना कापा, दाबताना ट्रॅक्टर भरपूर फिरवा, वरचा कागद घट्ट लावा. ज्या उन्हाळ्यात विहीर आटली त्या वर्षी आमचा गोठा या एका खड्ड्यावर तरला.

आता जे सांगायला मला जड जातं ते सांगते.

वर नानांचा उल्लेख आलाय. तीनशे बारा क्रमांकाच्या गाईला ताप चढायच्या आधी सकाळी ते मला सांगत, "ताई, हिचा रवंथ थांबलाय," आणि दुपारी थर्मामीटर १०४ दाखवायचा. एका मार्चमध्ये निधी ३१ तारखेच्या आत खर्ची पडावा म्हणून दोन म्हशी घाईनं विकत घेतल्या आणि तपासणीविना थेट कळपात बांधल्या. त्यांना महिनाभर वेगळं ठेवायला हवं होतं, ब्रुसेलाची (जनावराला गाभ टाकायला लावणारा आणि माणसालाही लागणारा जंतू) आणि क्षयाची तपासणी करायला हवी होती. हे मला माहीत होतं. वेगळी जागा नव्हती आणि वरून फोन येत होते. पावसाळ्यात त्यातल्या एकीनं सातव्या महिन्यात गाभ टाकला. रात्रीची वेळ. नानांनी जार (वार) आणि मेलेलं रेडकू उघड्या हातांनी उचलून बाजूला नेलं, कारण हातमोजे कपाटात होते, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या घरी होती.

दोन महिन्यांनी नानांना ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, सकाळी उतरायचा. सांधे धरले. बाहेर टायफॉईडचे उपचार झाले, मलेरियाचे झाले. ब्रुसेलोसिस आहे हे आमच्याच सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका सहकाऱ्याच्या ध्यानात आलं, तोवर चार महिने गेले होते. औषधं सहा आठवडे चालली. ते बरे झाले, पण गुडघा पूर्वीसारखा राहिला नाही. आणि धारेला बसायचं म्हणजे उकिडवंच बसावं लागतं.

म्हणून हातमोज्यांच्या कपाटाला कुलूप लावू नका. मोजे हरवले तर हरवू देत. गाभ टाकलेल्या जनावराच्या जाराला कुणीही उघडा हात लावायचा नाही, तो चुना टाकून खोल पुरायचा, हे भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. चार ते आठ महिन्यांच्या सगळ्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलाची लस एकदा टोचून घ्या आणि लस टोचणाऱ्यानंही हात-डोळे सांभाळायचे, ती जिवंत लस असते. कच्चं दूध गोठ्यावर कुणी प्यायचं नाही, विद्यार्थ्यांनी तर नाहीच. नवीन जनावर आलं तर महिनाभर वेगळं, मग वरून कुणाचाही फोन येवो. तुम्हाला जागा नसेल तर जुनी गाडी उभी करायची शेड रिकामी करा. मी पुढं तेच केलं. ते आधी करता आलं असतं.

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी पसरला तेव्हा त्या शेडनं आम्हाला वाचवलं. आम्ही फाटक बंद केलं, भेटी बंद केल्या, शेळ्यांच्या देवीची लस सगळ्यांना टोचली, माश्या-गोचिडांच्या मागं लागलो. ज्या मजुरांच्या घरी जनावरं होती त्यांना तेवढे दिवस बदली काम दिलं. मुलांची प्रात्यक्षिकं बुडाली म्हणून काही प्राध्यापक रागावले. रागावू दिलं.

नरांचा प्रश्न तुम्हाला भेडसावेल. दरवर्षी जन्मणाऱ्या वासरांत निम्मे गोऱ्हे. २०१५ पासून राज्यात गाईंबरोबर बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे, शेतीत बैल कमी झालेत, त्यामुळं संकरित गोऱ्ह्याला लिलावात बोली लागत नाही. तो गव्हाणीवर राहतो आणि दुभत्या गाईचा चारा खातो. शुद्ध देशी गोऱ्हे गावोगावच्या पैदाशीसाठी द्या, त्यांना मागणी आहे, फक्त लिलावाची सूचना जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयातून गावांपर्यंत पोहोचवा. संकरित गाईंना मादी वासरं देणारं लिंगनिर्धारित वीर्य वापरायची मंजुरी घ्या. महाग पडतं, गर्भधारणाही थोडी कमी राहते, तरी परवडतं.

दुधाचे पैसे विद्यापीठाच्या खात्यात जातात आणि ढेपेसाठी तुम्हाला पुन्हा हात पसरावे लागतात, हे तुम्ही पत्रात लिहिलंय. माझ्याकडेही तसंच होतं. प्रक्षेत्राला फिरता निधी मिळावा, म्हणजे दुधाचे पैसे गोठ्यावरच पुन्हा वापरता यावेत म्हणून मी सात वेळा प्रस्ताव दिला, आठव्यांदा तो मान्य झाला. प्रत्येक वेळी सोबत एक पान जोडायची: या महिन्यात औषध किती दिवस उशिरा आलं आणि त्यापायी किती लिटर दूध गेलं. नुसत्या तक्रारीनं फाईल हलत नाही, तारीख आणि लिटर लिहिले की हलते.

आणि सात माणसांना जपा. वसुबारसेला आमच्याकडे पूजा मजुरांच्या बायकांच्या हातून व्हायची, अधिष्ठाता मागं उभे असायचे. पोळ्याला मजुरांना पूर्ण सुट्टी असायची आणि त्या दिवशीच्या दोन्ही धारा तिसऱ्या वर्षाची मुलं काढायची. पहिल्या वर्षी दूध निम्मं निघालं, दोन गाईंनी पान्हाच चोरला. तिसऱ्या वर्षी फरक पडला नाही. मुलांच्या परीक्षेत गोठ्यावरची तोंडी परीक्षा घेताना नानांना शेजारी बसवा, म्हणजे तुमच्याकडे जे कुणी नाना असतील त्यांना. मुलगा गाईजवळ कसा गेला, डावीकडून गेला की मागून, हात आधी कुठं ठेवला, हे ते तुमच्याआधी टिपतील. मी त्यांचा शेरा विचारून गुण दिले आहेत. नियमात ते बसतं की नाही हे मी कुणाला विचारलं नाही.

पीएच.डी.चं काम गोठ्यातल्याच जुन्या नोंदवह्यांवर करता येईल का, ते मार्गदर्शकांना विचारा. वाळवी लागायच्या आत त्या वह्यांचे फोटो काढून ठेवा, हे तर आजच करा.

आमच्या महिला बचत गटाला विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरून उस्मानाबादी शेळ्या घ्यायच्या आहेत. बाजारापेक्षा त्या चांगल्या असतात का? (जि. सोलापूर)

ताई, तिथं शेळीची जन्मतारीख, आईची वेतं आणि लसीकरण लिहिलेलं मिळतं. बाजारात यातलं काहीच मिळत नाही, हाच मोठा फायदा. किंमत समिती ठरवते, घासाघीस होत नाही. मागणी लेखी द्या आणि चार-सहा महिने थांबायची तयारी ठेवा. निवडताना जुळ्यातली पाठ (तरुण शेळी) घ्या आणि तिच्या आईनंही जुळी दिली आहेत का ते वहीत पाहा. बोकड मात्र त्याच कळपातला घेऊ नका, दुसरीकडून आणा. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस झाल्याचा कागद मागून घ्या. घरी आणल्यावर तीन-चार आठवडे जुन्या शेळ्यांत सोडू नका. गाभण घेतलीत तर भरवल्याची तारीख विचारा. त्यापुढं १५० दिवस मोजले की व्यायची तारीख कळते, तेव्हा कुणीतरी घरी राहा.

विद्यापीठातून फुले जयवंत गवताचे ठोंब आणले. पहिली कापणी केव्हा करू? (पुरंदर)

लावणीपासून साधारण सव्वादोन महिन्यांनी, पुढच्या दर दीड महिन्यानं. जास्त वाढू दिलंत तर खोड निबर होतं आणि जनावर पानं ओरबाडून बुडखे टाकून देतं. जमिनीपासून चार बोटं ठेवून, धारदार विळ्यानं एका घावात कापा, मातीलगत नको, नाहीतर पुढचे फुटवे कमी येतात. कापल्यावर पाणी आणि शेणखत लगेच द्या.